होल्टरचं पाणीवाटप

माणसाचं हृदय मोठं असावं असं सगळ्यांना वाटतं. मला वाटत नाही. गोंदियातल्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात मी ईसीजी काढते, होल्टर लावते आणि इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत डॉक्टरांना मदत करते. हेच करता करता माझे केस पांढरे झाले. मोठं हृदय ही तारीफ नसून तक्रार आहे, हे लोकांना पटवण्यात निम्मी नोकरी गेली.

एका राइस मिलवाल्या सेठना डॉक्टर म्हणाले, "आपके दिल का ऊपरवाला खाना बड़ा हो गया है." सेठ खूश. पडल्या पडल्या बायकोकडे मान वळवून म्हणाले, "सुना? मैं तो कब से बोल रहा था." बायको म्हणाली, "तो आज तक दिखा क्यूँ नहीं?" मग दोघांची तिथंच जुंपली आणि सेठच्या छातीवर लावलेली इकोची जेल वाळून गेली. मला दुसऱ्यांदा लावावी लागली.

तर आधी हा वरचा कप्पा काय असतो ते सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन रक्त गोळा करतात, खालचे दोन ते जोरानं पुढे ढकलतात. वरच्या कप्प्यांच्या भिंती पातळ. मधलं दार, म्हणजे झडप, अरुंद झालं, किंवा रक्तदाबानं खालचा कप्पा ताठर झाला, की वर रक्त तुंबतं आणि भिंत ताणली जाते. वर्षानुवर्षं ताणलेल्या भिंतीत जागोजागी वण पडतात. हृदयाच्या ठोक्याची वीज याच भिंतीतून धावते. वण आडवे आले की ती रस्ता सोडते, तिथल्या तिथं गोल गोल फिरते, आणि कप्पा नीट आकसायचं सोडून नुसता थरथरतो. याला म्हणायचं एट्रियल फायब्रिलेशन. आम्ही घाईत एएफ म्हणतो.

नुसत्या थरथरीनं माणूस मरत नाही. पण थरथरत्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचतं, साचलेलं गोठतं, आणि त्यातली एखादी गुठळी सुटून मेंदूत जाते. सकाळी चहाची कपबशी धरणारा हात संध्याकाळी उचलत नाही. म्हणून एएफ सापडलं की बहुतेकांना रक्त पातळ करायची गोळी देतात. मात्र ज्याला गरज नाही त्यानं ती गोळी खाल्ली, तर दात घासतानाही रक्त थांबत नाही. म्हणजे गोळी योग्य माणसाच्या तोंडात जाणं महत्त्वाचं. पुढची सगळी हकिकत या एकाच मुद्द्याची आहे.

एएफचा स्वभाव चोरटा. येतं आणि जातं. घरी छाती धडधडते, दवाखान्यात येईपर्यंत ईसीजीची पट्टी नॉर्मल. म्हणून होल्टर लावायचा. छातीवर पाच-सहा स्टिकर, त्यांना तारा, आणि कमरेला काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी मशीन. चोवीस तास प्रत्येक ठोका नोंदवते. माणसानं तेवढे तास ती अंगावर ठेवून रोजचं आयुष्य जगायचं, एवढंच काम. पण एवढंच काम लोकांना जमत नाही. एका मास्तरांनी महागाची वस्तू म्हणून मशीन कपाटात कुलूपबंद ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आणून दिली. सबंध चोवीस तास सरळ रेघ. डॉक्टर म्हणाले, "कपाट काल सकाळीच वारलं."

मला वाटलं होतं, याच्यापलीकडे काही घडणार नाही. मग दशरथभाऊ आले.

दशरथभाऊ अर्जुनी मोरगावच्या बाजूचे. त्या भागात गावोगावी जुने मोठे तलाव आहेत आणि धान त्यांच्यावर पिकतो. तलावाचं पाणी शेतांना पाळीपाळीनं द्यायचं काम ज्याच्याकडे असतं त्याला पाणकर म्हणतात. दशरथभाऊ पाणकर. कोणाच्या वावरात किती वेळ पाणी जाईल हे ते ठरवणार, आणि त्यावर कोणी बोलणार नाही. पाणकराची काठी टेकत आले, चक्कर येते म्हणाले. ईसीजी साधा निघाला. डॉक्टरांनी होल्टर सांगितला. सोबत त्यांची बायको सगुणाबाई होती. आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिना चढून तिला बोलता येत नव्हतं एवढा दम लागला होता. मी तिला पाणी दिलं, बाकावर बसवलं आणि माझ्या कामाला लागले. पेशंट ती नव्हती.

स्टिकर लावताना सगुणाबाई दारातून बघत होती. मी माझा नेहमीचा पाठ म्हटला. "आंघोळ करायची नाही. मशीन बंद पडू द्यायची नाही. चोवीस तासांतलं एक मिनिट वाया जाता कामा नये."

शेवटचं वाक्य दशरथभाऊंना फार आवडलं. "वाया काऊन जाऊ देईन जी? आमचा धंदाच तो हाय."

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन त्यांचा धाकटा भाऊ मोतीराम आला. पिशवीतून मशीन काढली तर तारांना खोक्यावर मारायची खाकी चिकटपट्टी लटकलेली आणि सगळ्याला भाताच्या पेजेचा वास.

"हे काय आहे?"

"चिकट निंगून गेली होती ना जी. मंग पेज लावलो, वरून पट्टी मारलो."

"पेजेत मीठ होतं?"

"मिठाबिगर पेज कोन पेते?"

खरं सांगायचं तर मिठाची पेज वीज बरी वाहून नेते. पण ते मी त्याला सांगितलं नाही. "मशीन काढली कशाला होती?"

"काढलो कुठी? चालूच होती," मोतीराम म्हणाला आणि छाती खाजवत गाडी पकडायला निघून गेला.

डॉक्टरांनी आणि मी कॉम्प्युटरवर पट्टी उघडली. प्रत्येक माणसाच्या ठोक्याचा आकार त्याच्या सहीसारखा असतो. एकाचा उंच टोकदार, एकाचा बुटका, एकाचा खाली लोंबणारा. या पट्टीत थोडा वेळ एक आकार दिसे, मग खरखर, मग भलताच आकार. पुन्हा खरखर, पुन्हा तिसरा. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ये आदमी है कि बारात?"

आणि दुपारच्या भागात, दोन खरखरींच्या मध्ये, स्वच्छ एएफ. शंकाच नको असं.

डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला आणि आवाज मोठा केला. दशरथभाऊंनी काहीही लपवलं नाही. त्यांच्या मते लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"मी आंग धुवाले गेलो. मशीन रिकामी पडून राहिली असती. म्याडमच सांगल्या, एक मिनिट वाया नाई गेला पाहिजे. मंग मी पारी लावून देलो."

"पाळी? कोणाकोणाची?"

"पयले जावई. पाहुना मानूस, त्याले मान द्या लागते. मंग मोतीराम. मंग बाजूचे दोघं भाऊ. मंग पोलीस पाटील आले, ते म्हन्ले, गावात मशीन आली आन् मले खबर नाई? मंग त्यायले देलो. रातच्याले मी. एक मिनिट वाया नाई गेला, पाहून घ्या."

डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही काय सांगितलं होतं यांना?" मी म्हटलं, "बरोबर तेच सांगितलं होतं. तोच घोटाळा झाला."

"जेवणानंतर कोण होतं?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं.

"मोतीराम. जेवून झोपला होता."

"मोतीरामला घेऊन या. बाकीच्यांनाही. एकाला आजार आहे, आणि तो कोणाला ते कळल्याशिवाय गोळी देता येत नाही. उशीर झाला तर लकवा मारेल."

"कसा येऊ जी? धान लोंबीवर हाय, पान्याच्या पाऱ्या चालू हायेत. मी हललो तं गावात डोस्के फुटतीन."

शेवटी छोटी ईसीजी मशीन पिशवीत घालून मीच रेल्वेनं गेले.

अंगणात सगळे रांगेत बसले होते, पोलीस पाटील पुढे. फक्त मोतीराम खाटेवर आडवा. आपल्या पाळीत आजार निघाला हे कळल्यापासून तो उठलाच नव्हता. उशाशी मोसंबी, बायको पदरानं वारा घालत होती. मला बघून त्यानं डोळे अर्धे मिटले. "म्याडम, किती दिवस हायेत माह्ये?"

मी होल्टरच्याच जागी तारा लावून त्याची पट्टी काढली आणि दुपारच्या पट्टीशी लावून पाहिली. त्याच्या पाळीचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग जुळला. मधला एएफचा भाग जुळला नाही. तो ठोका त्याचा नव्हताच.

"तुम्हाला काही झालेलं नाही. उठा."

"काईच नाई?" मोतीराम उठून बसला. "दोन दिवस झोपून राहिलो ना मी!"

"म्हणून तर म्हणते, उठा."

त्याची बायको वारा घालायची थांबली. मोसंबी तिनं स्वतः सोलायला घेतली.

मग मी एकेकाची पट्टी काढली. जावई जुळला. दोघे शेजारी जुळले. पोलीस पाटलांनी सदरा काढण्याआधी विचारलं, "हे कोर्टात चालते का?" तेही जुळले. दशरथभाऊंचा रात्रभराचा भाग तर डोळे मिटून ओळखू येण्यासारखा होता. सगळे जुळले आणि एएफचा तेवढा तुकडा कोणाचाच नाही.

"बकरीचा असन," एक शेजारी म्हणाला.

"बकरीले लावलीच नाई," दुसरा म्हणाला. "लावून पाहाव म्हन्लो होतो, पर तिनं उडी मारली."

"बकरीचा ठोका फार जलद असतो," मी म्हटलं. माझी अशी वेळ येईल असं शिकताना वाटलं नव्हतं.

दशरथभाऊ काठी आपटून उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. आजाराची बातमी ऐकून सुद्धा उतरला नव्हता एवढा. "पारी चोरीले गेली," ते म्हणाले.

त्या गावात पाण्याची पाळी चोरणं म्हणजे काय, ते नंतर पोलीस पाटलांनी मला समजावलं. दुसऱ्याच्या पाळीत बांध फोडून आपल्या वावरात पाणी घेणं यासारखं नीच काम नाही. आणि चोर शोधून काढायची पाणकराची रीत ठरलेली. सकाळी सगळ्यांचे पाय बघायचे. ज्याच्या पायाला ओला चिखल, तो चोर.

"पाय दाखवा," दशरथभाऊ म्हणाले, आणि जावयासकट सगळ्यांनी खरोखर पाय पुढे केले.

मी म्हटलं, "भाऊ, पायावर काय दिसणार? मशीन छातीला लागते. खाकी पट्टी जिथं लागली तिथं चट्टे उठले असतील. इथले सगळे खाजवतच बसलेत बघा."

सहाही जण खाजवायचे एकदम थांबले.

तेवढ्यात सगुणाबाई चहा घेऊन बाहेर आली. ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला, आणि गळ्याच्या हाडाखाली कराकरा खाजवलं. मी कोणाकडे पाहिलं नाही. चहा घेतला, पूर्ण प्यायले, कप ठेवला. मग म्हटलं, "सगुणाबाई, जरा आत चला."

आत जाऊन मी दार लोटलं. "सगळ्यांना मशीन कोण लावत होतं?"

"मीच. मंग कोन लावन? त्यायच्या हाताले काय येते? तुमी लावत होत्या तवा पाहून घेतली होती."

"मोतीरामची पाळी चोरली?"

"चोरली." मान खाली वगैरे काही नाही. "छातीत कोंबडी फडफडून राहिली होती. महिना दोन महिने झाले, कवाकवा फडफडते, मंग आपली बसते. त्या दिवशी भांडे घासता घासता सुरू झाली. म्हन्लं, मशीन घरीच हाय, कोंबडी बी हाय, दोघीची भेट करून देऊ. भाऊजी घोरत होते. काढली, लावली. कोंबडी बसली तवा त्यायले वापस लावून देली. त्यायले पत्ता बी नाई."

इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या एकाही पेशंटनं नेमक्या वेळी नेमकी मशीन लावलेली नाही.

"एक पाळी मागून का नाही घेतली?"

"बाईच्या नावानं पारी कुठी असते? पानी वावराले भेटते. वावर मान्साच्या नावानं हाय."

या हिशोबात मला कुठंच चूक सापडली नाही.

तिची पट्टी काढली. त्या घडीला ठोका सरळ चालला होता, पण आकार तोच, दुपारचा. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. ठोक्याच्या आधी एक लहानसा उंचवटा येतो, तो वरच्या कप्प्याचा. निरोगी माणसात लहान, गोल. सगुणाबाईचा रुंद होता आणि मध्ये खाच पडून त्याचे दोन झाले होते. डावा वरचा कप्पा ताणला की वीज त्यातून उशिरा पोचते, म्हणून असं होतं. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" मी विचारलं. आला होता. महिनाभर खाटेवर होती. त्या तापानं हृदयाचं दार खराब होतं आणि हळूहळू अरुंद होत जातं. पुढचं डॉक्टर इको करून बघणार होते, पण जिन्यावरचा दम मला आता आठवला. मी तिला पाणी पाजलं होतं, बस.

बाहेर येऊन मी सांगितलं. दशरथभाऊंनी ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "म्हन्जे चोर घरातच."

"भाऊ—"

"थांबा जी. रीत हाय. जो पारी चोरते त्याची येनारी पारी बंद, आन् नहराचा गाळ त्यानं काढाचा. पानकराच्या घरचा असला म्हनून काय झालं? मंग गावाले काय सांगू?" पोलीस पाटलांनी मान डोलावली.

दारातून सगुणाबाई म्हणाली, "काढतो गाळ. फडफडन तवा मंधात थांबन थोडी."

आता माझा पारा चढला. "दशरथभाऊ, तुमचा एक तलाव आहे. खालचं दार गाळानं बारीक झालं. वरून पाणी येतच आहे. जाईल कुठं?"

"पार फुगन," ते म्हणाले. पाळीला ते पारी म्हणतात आणि तलावाच्या बांधाला पार.

"हिच्या हृदयात तेच चाललंय. दार बारीक, वरचा कप्पा फुगलेला. पार ताणून ताणून भेगाळली आहे, म्हणून ती थरथरते. थरथरली की पाणी एका कोपऱ्यात नुसतं साचून राहतं. साचलेल्या पाण्यात काय होतं?"

"शेवाळ धरते."

"इथं गुठळी धरते. ती सुटली की सरळ डोक्यात. मग गाळ राहू द्या, हिला स्वतःचा घास तोंडात घालता येणार नाही."

दशरथभाऊंनी काठीच्या टोकानं अंगणात पार आणि दार आखलं. मग विचारलं, "पार फुगली म्हनून थरथरते, का थरथरते म्हनून फुगते?"

इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "दोन्ही. फुगली की थरथरते. थरथरली की आणखी फुगते. जितके दिवस जातील तितकं मागं फिरणं कठीण."

"मंग थांबाचा नाई." ते वळले. "मोतीराम! दोन दिवस झोपला ना? आता उभा राह्य. तलावाची काठी घे. मी हिले घेऊन गोंद्याले चाललो."

"मी?" मोतीराम म्हणाला. "मले पाऱ्या नाई येत."

"बाकीच्याले इचार. आन् कोनाचे पाय ओले दिसले तं मले फोन कर."

इकोत सगळं तसंच निघालं. दार अरुंद, डावा वरचा कप्पा चांगलाच मोठा. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दार रुंद करायला नागपूरला पाठवायचं ठरवलं. ते पुढे झालंही, पण गोळी सुटली नाही. दशरथभाऊंना त्याचं कारण सांगावं लागलं नाही. "दार खोलला तरी पार तं जुनीच हाय," ते म्हणाले. त्यांची स्वतःची चक्कर रक्तदाबाच्या गोळीची होती. डॉक्टरांनी ती कमी केली आणि चक्कर गेली.

रक्त पातळ करायच्या गोळ्या देताना मी त्यांना समोर बसवलं. "ही गोळी फक्त हिची. वाया गेली तरी चालेल. जावयाला नाही, मोतीरामला नाही, पोलीस पाटील स्वतः चालत आले तरी नाही."

"मी काय येडा हाओ?" ते रागावले. मग पाकीट उलटून पाहत म्हणाले, "आन् एखांदी उरली तं?"

"उरली तर मला आणून द्या."

काही दिवसांनी औषध कसं लागू पडलंय ते बघायला सगुणाबाईला होल्टर लावायचा होता. मी लावला. या वेळी पाठ बदलला. "मशीन हिच्या अंगावरून निघाली तर बंद पडली तरी चालेल, वाया गेली तरी चालेल. दुसऱ्याच्या अंगावर गेली तर मी पुन्हा रेल्वेनं येईन."

दुसऱ्या दिवशी दोघं मशीन द्यायला आले. दशरथभाऊंचे डोळे तारवटलेले. पट्टी उघडली आणि मी ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहिली. मध्ये दोनदा थरथर होती, पण पूर्वीपेक्षा संथ. खरखर कुठंही नाही. सबंध पट्टीभर एकच माणूस.

"कोणी मागितली नाही मशीन?" मी सगुणाबाईला विचारलं.

"साऱ्यायनं मागली. भाऊजी तं अर्धा घंटा दे म्हनून दारात बसून होते." तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "हे काठी घेऊन उंबरठ्यावर. जेवाले बी उठले नाई. मी म्हन्लं, झोपा थोडे, कोन येते आता?"

"अशीच चोरी होते," दशरथभाऊ मला म्हणाले. "गावात बाईच्या नावानं पयली पारी होती जी. ते बी चोरीले गेली असती तं मी पानकर कायचा?"

मी तारा पुसल्या, मशीन डब्यात ठेवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सोबतची बाई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायच्या बेतात होती. मी म्हटलं, "तुम्ही पण या आत. आणि जिना चढताना दम लागला का, ते आधी सांगा."